लायब्ररीतले अ‍ॅक्शनपट आणि साहसपट घरी आणताना: नव्या सभासदांसाठी

लायब्ररी म्हणजे पुस्तकं, अशी पक्की समजूत असलेले कितीतरी सभासद सिनेमांच्या कपाटासमोरून वर्षानुवर्षं सरळ निघून जातात. ज्यांना ते कपाट सापडतं, ते पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत वैतागतात. डिस्क घरच्या प्लेयरवर चालत नाही, हवा तो सिनेमा म्हणून त्याच नावाचा भलताच घरी येतो, नाहीतर डब्यात दुसरी डिस्कच नसते.

सिनेमा मिळणं अवघड नाही, नेमका डबा उचलणं अवघड आहे. आणि अ‍ॅक्शनपटांच्या बाबतीत हे जास्तच खरं. घरगुती नाट्य अर्धवट कापलेल्या चौकटीत पाहिलं तरी गोष्ट समजते. पाठलाग, तलवारबाजी, कड्यावरची झटापट यांची मजा मात्र चौकटीच्या दोन्ही कडांना काय चाललंय यात आणि आवाजात असते. म्हणून या लेखात कार्ड काढण्यावर कमी आणि डिस्क निवडण्यावर जास्त लिहिलं आहे.

जवळ काय हवं:

- फोटो असलेलं ओळखपत्र
- सध्याच्या पत्त्याचा पुरावा. ओळखपत्रावर जुना पत्ता असेल तर हा वेगळा लागतोच
- मुलाच्या नावानं कार्ड काढायचं असेल तर पालकाची सही
- घरच्या प्लेयरचा मॉडेल क्रमांक (मागच्या बाजूला चिकटपट्टीवर असतो, मोबाइलवर फोटो काढून ठेवा)
- मऊ, धागे न सुटणारं कापड

1. कार्ड काढतानाच नियम विचारून घ्या

फॉर्म भरणं हे पाच मिनिटांचं काम आहे. खरं काम म्हणजे काउंटरवर विचारायचे प्रश्न. सिनेमांची मुदत पुस्तकांइतकीच असते का? बऱ्याच ठिकाणी पुस्तक तीन आठवडे आणि सिनेमा एकच आठवडा, असा फरक असतो. एका वेळी किती डिस्क नेता येतात? मुदत वाढवून मिळते का? उशिराचा दंड पुस्तकापेक्षा वेगळा आहे का? काही लायब्रऱ्यांनी उशिराचा दंड बंद केला आहे, पण हरवलेल्या किंवा तुटलेल्या डिस्कची भरपाई तिथेही घेतात.

आणखी एक विचारा: नव्या कार्डावर पहिले काही दिवस कमी वस्तू देण्याचा नियम आहे का? तो असेल तर पहिल्याच दिवशी सहा भागांची मालिका उचलून रांगेत उभं राहू नका.

2. घरी कोणती डिस्क चालते ते आधी बघा

डिस्क तीन प्रकारच्या असतात आणि तिन्ही दिसायला सारख्याच, 12 सेंटिमीटर व्यासाच्या.

डीव्हीडी जवळजवळ सगळीकडे चालते. ब्लू-रेला ब्लू-रे प्लेयर लागतो, त्याच प्लेयरवर डीव्हीडीही चालते. तिसरी 4के अल्ट्रा एचडी ब्लू-रे. ही साध्या ब्लू-रे प्लेयरवर चालत नाही. नेहमी फसगत होते ती इथेच, कारण डब्यावर ‘ब्लू-रे’ हा शब्द असतो आणि घाईत तेवढाच वाचला जातो. ओळखायची खूण म्हणजे डब्याचा रंग: ब्लू-रेचा डबा सहसा निळा, 4केचा काळा. डीव्हीडीचाही डबा काळाच असतो, पण तो आकारानं थोडा उंच असतो.

गेमिंग कन्सोल असेल तर वेगळा प्लेयर लागेलच असं नाही. प्लेस्टेशन 4 डीव्हीडी आणि ब्लू-रे चालवतो, 4के डिस्क नाही. डिस्क ड्राइव्ह असलेला प्लेस्टेशन 5 आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स तिन्ही चालवतात. एक्सबॉक्सवर आधी ब्लू-रेचं अ‍ॅप उतरवून घ्यावं लागतं. सिरीज एसला डिस्कची खाचच नाही.

नव्या लॅपटॉपमध्येही बहुधा डिस्क ड्राइव्ह नसतो. यूएसबीनं जोडायचा बाहेरचा ड्राइव्ह घेतला तर व्हीएलसी या मोफत प्लेयरवर डीव्हीडी बघता येते. ब्लू-रेचं कुलूप (प्रत काढता येऊ नये म्हणून घातलेलं) मात्र जास्त कडक असतं आणि संगणकावर ती बघायला बहुतेक वेळा विकतचं सॉफ्टवेअर लागतं. त्या खटपटीत पडण्यापेक्षा जुना वापरलेला प्लेयर घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता रीजन कोड, म्हणजे डिस्क जगाच्या कोणत्या भागातल्या प्लेयरवर चालेल ते सांगणारा आकडा किंवा अक्षर. एका देशातून दुसऱ्या देशात राहायला गेलेल्यांचं घोडं इथेच पेंड खातं. सोबत नेलेला प्लेयर ठणठणीत असतो, लायब्ररीतली डिस्कही ठणठणीत असते, पण दोघांचं जमत नाही. डीव्हीडीसाठी जगाचे सहा भाग केले आहेत. अमेरिका आणि कॅनडा 1, पश्चिम युरोप आणि जपान 2, आग्नेय आशिया आणि दक्षिण कोरिया 3, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि लॅटिन अमेरिका 4, भारत, रशिया आणि आफ्रिकेचा बराचसा भाग 5, चीन 6. ब्लू-रेचे तीनच भाग आहेत: अमेरिका खंड, जपान आणि आग्नेय आशिया ‘ए’, युरोप, ऑस्ट्रेलिया आणि आफ्रिका ‘बी’, भारत, चीन आणि रशिया ‘सी’. डब्याच्या मागे पृथ्वीच्या गोलाचं छोटं चित्र असतं, त्यावर हा आकडा किंवा अक्षर छापलेलं असतं. ‘0’ किंवा ‘ऑल’ असेल तर रीजनची अडचण नाही. 4के डिस्कना रीजनचं बंधन नसतं, ही त्यांची मोठी सोय.

संगणकाच्या डीव्हीडी ड्राइव्हचा रीजन बदलता येतो, पण पाचच वेळा. पाचव्या बदलानंतर तो कायमचा तिथेच अडकतो. स्क्रीनवर ‘रीजन बदलू का?’ असं विचारलं की घाईघाईनं ‘हो’ म्हणू नका.

3. कॅटलॉगमध्ये शोधताना

नुसतं सिनेमाचं नाव टाकलं की मूळ कादंबरी, संगीताची सीडी, बोलकं पुस्तक, व्हिडिओ गेम असं सगळं एकत्र समोर येतं. म्हणून आधी ‘प्रकार’ किंवा ‘फॉरमॅट’ या गाळणीत डीव्हीडी किंवा ब्लू-रे निवडा, मग नाव टाका.

नाव माहीत नाही, नुसता साहसपट हवा आहे, असं असेल तर विषयावरून शोधा. बऱ्याच लायब्रऱ्या अमेरिकेतल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसची प्रकारसूची वापरतात. त्या सूचीत या प्रकाराचं ठरलेलं नाव ‘अ‍ॅक्शन अँड अ‍ॅडव्हेंचर फिल्म्स’ असं आहे. हेच शब्द इंग्रजीत टाकले तर ‘अ‍ॅक्शन मूव्हीज’पेक्षा कितीतरी नेमकी यादी मिळते. हेरपट, सुपरहिरो, मार्शल आर्ट्स यांना त्याच सूचीत स्वतंत्र नावं आहेत. यादी फारच लांब आली तर त्यांच्यावर जा.

नावांचे सापळे बरेच आहेत.

एकाच नावाचे अनेक सिनेमे असतात. ‘किंग काँग’ 1933चा आहे, 1976चा आहे आणि 2005चाही आहे. नावाशेजारचं वर्ष वाचल्याशिवाय आरक्षण करू नका. त्यातही कॅटलॉगमधलं ठळक वर्ष कधीकधी सिनेमाचं नसून डिस्क बाजारात आल्याचं असतं. 1933चा सिनेमा 2010चा म्हणून दिसतो तो त्यामुळे. खाली बारीक अक्षरात मूळ प्रदर्शनाचं वर्ष किंवा कलाकारांची नावं असतात, ती बघा.

एकाच सिनेमाची दोन नावंही असतात. 1981चा ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’ नंतरच्या डब्यांवर ‘इंडियाना जोन्स अँड द रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’ झाला, त्यामुळे कपाटात तो ‘आर’ऐवजी ‘आय’मध्ये सापडू शकतो. जॅकी चॅनचा 1994चा ‘ड्रंकन मास्टर 2’ अमेरिकेत 2000 साली ‘द लेजंड ऑफ ड्रंकन मास्टर’ या नावानं लागला. हाँगकाँगच्या जुन्या सिनेमांबाबत हे इतकं होतं की नावापेक्षा दिग्दर्शक किंवा नायकाच्या नावानं शोधणं बरं.

इंग्रजी नावांच्या सुरुवातीचे ‘द’ आणि ‘अ’ लावणीत धरत नाहीत. ‘द ममी’ शोधायला ‘टी’च्या खणात जाऊ नका, तो ‘एम’मध्ये असतो.

चौथा सापळा संचांचा. चार-पाच सिनेमांचा एकत्र डबा कॅटलॉगमध्ये एकाच नोंदीखाली असतो. आत कोणते सिनेमे आहेत ते नोंदीत नीट लिहिलेलं नसेल तर सुट्या नावानं शोधून काहीच हाती लागत नाही. मालिकेतला एखादा भाग ‘नाही’ असं दिसलं तर मालिकेच्या नावाबरोबर ‘कलेक्शन’ किंवा ‘ट्रिलजी’ टाकून पुन्हा बघा.

कपाटापाशी उभं राहून शोधायची आवड असेल (मला आहे, कारण न ठरवलेलं काहीतरी हाती लागतं), तर मांडणी कशी आहे ते आधी विचारा. कुठे प्रकारानुसार खण असतात, कुठे सरसकट नावाच्या अक्षरानुसार, आणि काही ठिकाणी ड्युई क्रमांकानं, म्हणजे प्रत्येक विषयाला दिलेल्या ठरावीक आकड्यानं. ड्युई पद्धतीत सिनेमाचा क्रमांक 791.43 आहे, सिनेमावरची पुस्तकंही तिथेच आसपास असतात. परभाषेतले सिनेमे कधी वेगळ्या खणात असतात, त्यामुळे जपानी किंवा कोरियन अ‍ॅक्शनपट ‘अ‍ॅक्शन’च्या खणात दिसला नाही तरी लायब्ररीत नाहीच असं धरू नका.

4. आवृत्ती तपासा

डबा हातात आला की पुढची बाजू सोडा, मागची वाचा.

पहिली गोष्ट चौकटीची. ‘वाइडस्क्रीन’ हवं, ‘फुल स्क्रीन’ नको. जुन्या चौकोनी टीव्हीसाठी काढलेल्या फुल स्क्रीन डीव्हीडी लायब्रऱ्यांमध्ये अजून पुष्कळ आहेत. 2.39:1 (उंचीच्या 2.39 पट रुंदी) अशा रुंद पडद्यासाठी चित्रित केलेला सिनेमा 1.33:1च्या चौकटीत बसवताना चित्राचा साधारण 44 टक्के भाग कापला जातो. द्वंद्वातला एक योद्धा दिसतो आणि दुसऱ्याची फक्त तलवार. काही डीव्हीडींच्या एका बाजूला वाइडस्क्रीन आणि दुसऱ्या बाजूला फुल स्क्रीन असतं. अशा डिस्कवर चित्र छापलेलं नसतं, मधल्या भोकाभोवती अगदी बारीक अक्षरांत बाजू लिहिलेली असते. ती भिंगानंच वाचावी लागते आणि बोटांचे ठसे दोन्ही बाजूंना चालत नाहीत.

दुसरी गोष्ट लांबी. ‘डायरेक्टर्स कट’ (दिग्दर्शकाच्या पसंतीची आवृत्ती), ‘एक्स्टेंडेड’ (वाढवलेली), ‘अनरेटेड’ (प्रमाणपत्र नसलेली) असे शब्द अ‍ॅक्शनपटांच्या डब्यांवर फार. त्यातलं काय हवं ते तुम्ही ठरवा, पण मिनिटं वाचून ठरवा. जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावाचा 1954चा ‘सेव्हन सामुराय’ 207 मिनिटांचा आहे आणि परदेशात तो बराच कापून दाखवला गेला होता. डब्यावर फारच कमी मिनिटं दिसली तर तुमच्या हातात पूर्ण सिनेमा नाही. पहिल्यांदा बघताना मी तरी चित्रपटगृहात लागलेली आवृत्तीच घेते. वाढवलेल्या आवृत्तीत पाठलागाची लय सैल पडते, अपवाद थोडे.

मात्र चार-पाच मिनिटांच्या फरकानं घाबरू नका. युरोप, भारत, ऑस्ट्रेलिया इथल्या पाल या टीव्ही पद्धतीच्या डीव्हीडीवर सिनेमा सेकंदाला 24ऐवजी 25 फ्रेम्सनी पळतो. त्यामुळे 120 मिनिटांचा सिनेमा चक्क 115 मिनिटांत संपतो. काही कापलेलं नसतं.

तिसरी भाषा. ‘ऑडिओ’ आणि ‘सबटायटल्स’ अशा दोन वेगळ्या ओळी असतात. जुन्या कुंग फू सिनेमांच्या स्वस्त डिस्कवर बऱ्याचदा फक्त इंग्रजी डबिंग असतं, मूळ भाषा नसतेच. तुम्हाला डबिंग चालत असेल तर प्रश्न नाही. नसेल तर ही ओळ वाचल्याशिवाय डबा नेऊ नका.

5. आरक्षण

नवा अ‍ॅक्शनपट कपाटात सापडेल या आशेवर राहू नका, नंबर लावा. कॅटलॉगमध्ये ‘होल्ड’ किंवा ‘रिझर्व्ह’ असं बटण असतं. डीव्हीडी, ब्लू-रे आणि 4के यांच्या रांगा वेगवेगळ्या असतात आणि डीव्हीडीच्या प्रती बहुधा जास्त घेतलेल्या असतात. घाई असेल तर तिची रांग बघा. आरक्षित डिस्क ठरावीक दिवसच राखून ठेवतात. सुट्टीवर जाणार असाल तर आरक्षण थांबवून ठेवायची सोय आहे का ते बघा, म्हणजे नंबर जात नाही.

मालिकेचे सगळे भाग एकदम आरक्षित केले तर ते क्रमानं येतीलच असं नाही. तिसरा भाग आधी हातात पडतो आणि पहिला येईपर्यंत त्याची मुदत संपते. दोन-दोन भागांचं आरक्षण करा.

दुसऱ्या गावच्या लायब्ररीतून मागवायची सोय पुस्तकांना असते तशी सिनेमांना असेलच असं नाही, कित्येक लायब्रऱ्या डिस्क बाहेर पाठवत नाहीत. तरी वर्ल्डकॅट या सामायिक कॅटलॉगमध्ये सिनेमा जवळपास कुठे आहे ते दिसतं, प्रवासात उपयोगी पडतं.

6. मुलांसोबत बघायचा असेल तर

‘साहसपट’ म्हणजे मुलांचा, हा समज सोडा. डब्यावरचं प्रमाणपत्र बघा आणि सिनेमाचं वर्षही बघा. अमेरिकेतलं पीजी-13 (तेरा वर्षांखालच्या मुलांबाबत पालकांना सावध करणारं) हे प्रमाणपत्र 1984मध्ये आलं, तेही इंडियाना जोन्सच्या ‘टेम्पल ऑफ डूम’सारख्या पीजी (पालकांच्या मार्गदर्शनानं बघायचा) मिळालेल्या सिनेमांतल्या हिंसक दृश्यांवर पालकांनी गहजब केल्यावर. त्याआधीचं पीजी म्हणजे आजच्या पीजीइतकं सौम्य नसतं. ‘अनरेटेड’ याचा अर्थ ‘सगळ्यांसाठी’ असा नाही. ती आवृत्ती प्रमाणपत्रासाठी गेलेलीच नसते आणि चित्रपटगृहात न दाखवलेली मारधाड तिच्यात असू शकते. मुलांच्या कार्डावर काही लायब्रऱ्या मोठ्यांचे सिनेमे देत नाहीत, काही देतात. लायब्ररी अडवेल यावर विसंबू नका.

7. काउंटर सोडण्याआधी डबा उघडा

हे करायला संकोच वाटतो, मागे रांग असते. तरी उघडाच.

काही ठिकाणी कपाटात रिकामा डबा असतो आणि डिस्क काउंटरवरून देतात. काही ठिकाणी डब्याला प्लास्टिकचं कुलूप असतं, ते काउंटरवर किंवा यंत्रावर काढावं लागतं. स्वतः नोंद करायच्या यंत्रावर हे काढायचं राहून गेलं तर घरी जाऊन काही उपयोग नाही. ते ओढून तोडायला जाऊ नका, डबा फुटतो आणि भरपाई तुमच्या नावावर पडते.

आत तीन गोष्टी बघा. डिस्कवरचं नाव डब्यावरच्या नावाशी जुळतं का. डिस्कची संख्या बरोबर आहे का: ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या एक्स्टेंडेड आवृत्तीत प्रत्येक सिनेमा दोन डिस्कवर वाटलेला आहे, दुसरी नसेल तर सिनेमा निम्म्यात थांबतो. आणि ओरखडे, मधल्या भोकाजवळच्या चिरा. बारीक वर्तुळाकार रेघा असतील तर फारशी काळजी नको. भोकापासून निघालेली चीर असेल तर ती डिस्क प्लेयरमध्ये घालूच नका, वेगानं फिरताना ती फुटू शकते. काही दोष दिसला तर तिथल्या तिथे दाखवा, नाहीतर तो तुमच्या हातून झाला असं ठरतं.

8. घरी आल्यावर

डिस्क काढताना डब्यातली मधली कळ दाबा आणि मग उचला. कडेला धरून वाकवून ओढली की चिरा पडतात, लायब्ररीच्या डिस्क अशाच मरतात. पुसायची झाली तर भोकाकडून कडेकडे, सरळ रेषेत. गोल गोल पुसू नका, कारण माहिती गोलाकार मार्गावर लिहिलेली असते आणि त्याच दिशेनं पडलेला ओरखडा प्लेयरला जास्त त्रास देतो. ब्लू-रेची माहिती पृष्ठभागाखाली जेमतेम 0.1 मिलिमीटरवर असते, डीव्हीडीची 0.6 मिलिमीटर आत. ब्लू-रेवर कडक लेप असतो म्हणून ती सहज खरचटत नाही, पण खोल ओरखडा पडला तर ती वाचवणं कठीण. अडकणाऱ्या डीव्हीडीवर मात्र काही लायब्रऱ्यांमधलं पॉलिशचं यंत्र इलाज करतं. अडली की परत नेऊन सांगा.

नवी ब्लू-रे चालत नसेल तर डिस्कला दोष देण्याआधी प्लेयर इंटरनेटला जोडून त्याचं सॉफ्टवेअर अद्ययावत करा. नव्या डिस्कच्या कुलपाच्या किल्ल्या त्यातूनच येतात.

आवाजाची तक्रार तर सगळेच करतात: संवाद ऐकू येत नाहीत म्हणून आवाज वाढवला की पुढच्या स्फोटाला शेजारी जागे. 5.1 ध्वनीत (पाच स्पीकर आणि एक खर्जाचा) संवाद मधल्या स्पीकरसाठी असतात. घरी टीव्हीचे दोनच स्पीकर असले की ते दबतात. डिस्कच्या मेनूत स्टिरिओ किंवा 2.0 असा पर्याय असेल तर तो निवडा. नसेल तर प्लेयरच्या सेटिंगमध्ये ‘डायनॅमिक रेंज’ किंवा ‘नाइट मोड’ शोधून चालू करा, स्फोट खाली येतात आणि कुजबुज वर येते.

डिस्कची प्रत काढून ठेवायचा मोह टाळा, कुलूप तोडून प्रत करणं बऱ्याच देशांत बेकायदा आहे. सोसायटीच्या किंवा मंडळाच्या पडद्यावर चार लोकांना बोलावून दाखवणं हे घरी बघणं धरत नाहीत, त्यासाठी वेगळा परवाना लागतो.

9. प्लेयरच नसेल तर

लायब्ररीनं हूपला किंवा कॅनोपी या ऑनलाइन सेवांशी करार केला असेल तर त्याच कार्डावर सिनेमे ऑनलाइन बघता येतात. हूपलावर रांग नसते, पण दर महिन्याला किती घ्यायचे याची मर्यादा लायब्ररी ठरवते, कारण प्रत्येक वेळी बघण्याचे पैसे तिलाच भरावे लागतात. कॅनोपीवर दर महिन्याला तिकिटं मिळतात, ती संपली की पुढच्या महिन्याची वाट बघायची. मोठे ताजे अ‍ॅक्शनपट या दोन्हीकडे क्वचित दिसतात. जुने, परभाषेतले, मार्शल आर्ट्सचे मात्र चांगले मिळतात. ताज्या सिनेमांसाठी डिस्कच धरून चला.

10. परत करताना

प्लेयरचा खण उघडून बघा, रिकामा डबा परत करणारे रोज असतात. दोन-तीन सिनेमे आणले असतील तर डिस्कची अदलाबदल झाली नाही ना ते बघा. बाहेरच्या पेटीत डिस्क टाकायला परवानगी आहे का हे विचारलेलं असू द्या. काही ठिकाणी वरून पुस्तकं पडून डबे फुटतात म्हणून मनाई असते. डिस्क कुठे अडकली असेल तर ‘42व्या मिनिटाला अडते’ अशी चिठ्ठी डब्यात ठेवण्यापेक्षा काउंटरवर तोंडी सांगा, चिठ्ठ्या पुढच्या सभासदाच्या हातात पडतात.

आणि हवा तो सिनेमा लायब्ररीत नसेलच, तर खरेदीची सूचना द्यायचा फॉर्म मागा. त्यात नाव, मूळ वर्ष, हवी ती आवृत्ती आणि फॉरमॅट लिहा. सूचना मान्य झाली तर पुष्कळ ठिकाणी आरक्षणाच्या रांगेत पहिला नंबर सुचवणाऱ्याचा लागतो.